गोफण, आसूड आणि गळ

मराठी भाषेत गळाची कीर्ती फारशी चांगली नाही. मासा गळाला लागला म्हणजे कोणीतरी फसला. आमिष दाखविले म्हणजे कोणाची तरी नियत फिरली. आणि कोणी गळ घातली म्हणजे मनात नसलेले काम करणे भाग पडले. आम्हा वकीलमंडळींना ह्या तिन्ही वाक्प्रचारांचा अनुभव रोजचाच. कोकणपट्टीतील वाचकांना मात्र हे थोडे चमत्कारिक वाटेल. तेथे खाडीच्या धक्क्यावर गरी टाकून बसलेल्या माणसास कोणी लबाड समजत नाही. गरवणे हा तिकडे करमणुकीचा आणि प्रसंगी पोटाचाही सरळ उद्योग आहे.

ह्या उद्योगाची एक शाखा अशी आहे की तीत आमिष हेही खरे आमिष नसते. गळाच्या आकड्यास पिसे व रंगीत धागे गुंडाळून एक खोटी माशी तयार करावयाची आणि ती पाण्यावर अशी अलगद उतरवावयाची की माशाला ती आकाशातून पडलेला जीव वाटावी. माशीने मासा धरावयाचा हा प्रकार. त्यातील सारी कला फेकीत आहे. ही फेक शिकण्याचा खटाटोप मी चाळिशी ओलांडल्यावर केला, आणि तो करताना हिचा इतिहास आपल्या मुलखाशी कोठे जुळतो हे शोधण्याचा नाद लागला. त्या शोधाचे फळ वाचकांपुढे ठेवीत आहे.

आमच्या कंग्राळीच्या शिवाराला मार्कंडेय नदीचा शेजार आहे. हीच नदी पुढे पूर्वेस गोडचिनमलकीला धबधब्याच्या रूपाने कोसळते आणि घटप्रभेला मिळून कृष्णेकडे जाते. परंतु फेकीचे पहिले धडे मी नदीवर गिरविले नाहीत. ते गिरविले सुगी सरल्यावर मोकळ्या पडलेल्या खळ्यात. आकड्याऐवजी लाल लोकरीचा पुंजका, समोर पंचवीस-तीस फुटांवर एक सूप, आणि हातात लवचीक काठी. पहिले आठ दिवस पुंजका सुपाखेरीज सर्वत्र पडला. शिवाय प्रत्येक फेकीला मागे 'फट्' असा आवाज होई, आणि मला तो जोमाचा पुरावा वाटे.

शेजारचे एक वृद्ध शेतकरी, ज्यांना सारा गाव आबा म्हणतो, हा प्रकार कुंपणावरून पाहत असत. नवव्या दिवशी त्यांना राहवले नाही.

"काय ओ वकीलसाहेब, मासा धराय लागलासा का बैल हाकाय?"

मी म्हटले, "का हो आबा?"

"आसूड वाजतोय न्हवं! दोर मागं पुरता जायच्या आत पुढं वडला की वाजतोय. बैलाला ते पायजे. माशाला आवाज कशाला? मागं जाऊ द्या की जरा."

आबांनी माशीचा गळ जन्मात पाहिला नव्हता. परंतु त्यांनी सांगितलेले शास्त्र अगदी बिनचूक होते. ते समजण्यासाठी आपल्या शेतातील दोन साधने आठवावीत. एक गोफण. गोफणीत वजन असते ते दगडाचे. दोरी त्या दगडाच्या मागे ओढली जाते. गांडूळ व शिसे लावून टाकलेला साधा गळ हा गोफणीच्या जातीचा. दुसरे साधन आसूड. आसुडाच्या टोकाला काहीच वजन नसते. जे काही जाते ते दोराच्या स्वतःच्या वजनाने, एकामागून एक उलगडत जाते. खोटी माशी वाऱ्याने उडेल इतकी हलकी, म्हणून ती फेकताच येत नाही. फेकावयाची ती दोरी. माशी तिच्यामागून पाहुणीसारखी जाते. दोरी मागे पूर्ण उलगडली म्हणजे तिचा भार काठीवर येतो, काठी वाकते, आणि पुढच्या हिसक्यात ती वाकलेली काठीच दोरीला पुढे ढकलते. तेवढा क्षणभर धीर न धरता हात पुढे आणला तर दोरी आसुडासारखी वाजते आणि पुष्कळदा माशी तुटून मागच्या गवतात राहते.

त्या दिवसापासून मी मान वळवून मागची दोरी पाहू लागलो. आणखी तीन गोष्टी ध्यानात आल्या. एक, आरंभी काठीचे टोक खाली व दोरी ताणलेली असावी. ढिली दोरी उचलण्यातच अर्धी शक्ती वाया जाते. दोन, वेग सावकाश वाढवीत न्यावा आणि शेवटी हात एकदम थांबवावा. फेक होते ती थांबण्याने, रेटण्याने नव्हे. तीन, मनगट मोडू नये. इंग्लंडात जुने गुरू नवशिक्याच्या काखेत पुस्तक धरावयास लावीत. कोपर भलतीकडे गेले की पुस्तक पडे. मी कायद्याचे एक जाड पुस्तक त्या कामी लावले. ते बरेच दिवस पडत होते.

आता इतिहासाकडे वळू. खोट्या माशीचा प्राचीन उल्लेख म्हणून इसवी सनाच्या दुसऱ्या-तिसऱ्या शतकांत होऊन गेलेल्या ऐलियन ह्या रोमन ग्रंथकाराकडे बोट दाखविले जाते. मासेदोनियातील लोक आकड्याला तांबडी लोकर गुंडाळून तिच्यावर दोन पिसे बांधीत, असे तो लिहितो. काठी सहा फूट आणि दोरीही सहाच फूट, हा त्याचा तपशील महत्त्वाचा आहे, कारण एवढ्या दोरीने लांब फेक होणे शक्यच नव्हते. पुढे १४९६ साली इंग्लंडात गळावरील एक छोटा प्रबंध छापला गेला. तो ज्युलियाना बर्नर्स ह्या जोगिणीच्या नावावर मोडतो, पण कर्तृत्वाबद्दल वाद आहे. त्यात बारा प्रकारच्या खोट्या माश्या दिल्या आहेत. आयझॅक वॉल्टनच्या १६५३ मधील प्रसिद्ध ग्रंथाला १६७६ च्या आवृत्तीत चार्ल्स कॉटनने माशीच्या गळाचा भाग जोडला. तरीही ह्या साऱ्या काळात दोरी घोड्याच्या केसांची, लांब काठीच्या टोकाला बांधलेली, आणि फेक बरीचशी वाऱ्याच्या भरवशावर होती. आबांनी सांगितलेली फेक खऱ्या अर्थाने शक्य झाली ती एकोणिसाव्या शतकात, जेव्हा तेलावलेल्या रेशमाची वजनदार दोरी आणि वेळूच्या चिरफळ्या जोडून केलेली लवचीक काठी प्रचारात आली. तो वेळू आरंभी कलकत्त्याहून जात असे. ज्या कलेला आपण साहेबी म्हणतो तिचा कणा काही काळ हिंदुस्थानी बांबूचा होता.

पण आपल्याकडे ही विद्या नव्हतीच काय? कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर, ज्याला भूलोकमल्ल म्हणत, ह्याने शके १०५१ च्या, म्हणजे इसवी सन ११२९ च्या सुमारास 'मानसोल्लास' हा संस्कृत ग्रंथ रचला. पाच विंशती व शंभर अध्याय असलेल्या ह्या ज्ञानकोशातूनच महाराष्ट्रातील स्त्रिया कांडताना ओवी गातात हा जुना उल्लेख मराठी अभ्यासकांना मिळाला. राजाच्या करमणुकींच्या विंशतीत श्येनविनोद आणि मृगयाविनोद ह्यांच्या मध्ये मत्स्यविनोद आहे. समुद्रातले व नदीतले, खवल्यांचे व बिनखवल्यांचे असे सुमारे पस्तीस जातींचे मासे, कोणत्या माशाला कोणते खाद्य घालून जवळ आणावे, दोरी, काठी व आकडा कसा असावा, लागलेला मासा कसा काढावा, हे सर्व तेथे पद्धतशीर सांगितले आहे. भारतीय प्राणिसर्वेक्षण खात्याचे संचालक डॉ. सुंदरलाल होरा ह्यांनी १९५१ साली ह्या प्रकरणाचा शास्त्रीय दृष्टीने परिचय करून दिला, तेव्हा मत्स्यशास्त्रज्ञांचे लक्ष तिकडे गेले.

ह्या ग्रंथाशी आपल्या ह्या सीमेवरच्या मुलखाचा संबंध दूरचा नाही. सौंदत्तीचे रट्ट आणि गोव्याचे कदंब हे दोघेही चालुक्यांचे मांडलिक होते. कदंबांचे हलशी खानापुराजवळ, आणि गोव्याच्या दुसऱ्या जयकेशीला सोमेश्वराची बहीण मैलळदेवी दिलेली होती. कल्याणीसारख्या समुद्रापासून दूरच्या नगरीत बसून राजाने सागरातल्या माशांचे वर्णन केले, त्यात गोव्याच्या सोयरिकीचा काही वाटा असेल काय? हा माझा केवळ तर्क आहे.

येथे अभिमानाला थोडी वेसण घातली पाहिजे. 'मानसोल्लास' हा १४९६ च्या इंग्रजी प्रबंधाहून साडेतीनशेंहून अधिक वर्षांनी जुना आहे, एवढे निर्विवाद. पण त्यावरून माशीचा गळ आपणच शोधला असे म्हणणे म्हणजे खरेदीखत एका शेताचे आणि ताबा दुसऱ्याचा मागणे होय. सोमेश्वराचा गळ आमिषाचा होता, गोफणीच्या जातीचा. आपला पुरावा जेवढे सिद्ध करतो तेवढेच मागावे. तेवढेही थोडे नाही. माशाचा स्वभाव ओळखल्यावाचून त्याच्यावर हात टाकू नये, हे तत्त्व दोन्ही परंपरांत एकच आहे.

दुसरा पुरावा मराठी नदीतला आहे. कर्नल विल्यम सायक्स हा मुंबई सरकारचा सांख्यिकी अधिकारी. त्याने दख्खनच्या माशांची शास्त्रीय वर्णने १८३९ च्या सुमारास लंडनला प्रसिद्ध केली. पुण्याच्या पूर्वेस मुळा-मुठेत मिळालेल्या महासीर जातीच्या माशाला त्याने 'खुद्री' असे नाव दिले, आणि आजही शास्त्रात तो 'टॉर खुद्री' आहे. त्याच्या यादीत 'कोलस', 'सींगटी', 'पोटेल', 'नुक्ता' अशीही नावे आहेत. लॅटिनचा अंगरखा घातलेली ही देशी नावे सायक्सने घरी बसून रचलेली नाहीत. ती नदीकाठी माशांशी ज्यांचा रोजचा संबंध होता त्यांच्या तोंडून आली. साक्ष त्यांची, सही साहेबाची. कोर्टात साक्षीदाराचे नाव लिहिल्यावाचून जबानी वाचली जात नाही. शास्त्राच्या दप्तरात मात्र ती पावणेदोनशेंहून अधिक वर्षे तशीच वाचली जात आहे.

ह्या महासीरावर माशीच्या गळाची विद्या आपल्याकडे आली ती कारवारच्या पलीकडून. मद्रास इलाख्यातील मुलकी अधिकारी हेन्री सलिव्हन टॉमस ह्याचा 'द रॉड इन इंडिया' हा ग्रंथ १८७३ साली मंगळूरला निघाला. महासीर हा त्याच वजनाच्या विलायती सामन माशाहून अधिक झुंज देतो असे त्याचे मत. पुढे १९४८ साली मॅकडॉनल्डचे महासीरावरील पुस्तक मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीने काढले. मात्र टॉमस हा केवळ शौकीन नव्हता. नद्यांतील मत्स्यधनाचा नाश होत आहे हे त्याने सरकारच्या नजरेस आणले. त्याच काळात डॉ. फ्रान्सिस डे ह्याने देशभरच्या गोड्या पाण्यातील मासेमारीचा अहवाल दिला. ह्या हाकाटीनंतर १८९७ चा चौथा कायदा झाला. त्याच्या चौथ्या कलमाने पाण्यात स्फोटके उडवून आणि पाचव्या कलमाने विष वा चुना टाकून मासे मारणे गुन्हा ठरले. शिक्षा दोन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोनशे रुपयांपर्यंत दंड.

कलम वाचावयास सोपे, पण ते नदीपर्यंत पोहोचणे कठीण. सुरुंगाची कांडी डोहात टाकली की दोन माशांसाठी दोनशे पिल्ले उलटी तरंगतात. ज्याला मागे दोरी उलगडेपर्यंत धीर नाही त्याचा हात जसा फसतो, तसाच हा प्रकार. फरक एवढाच की येथे तुटते ती माशी नव्हे, डोहाचा वंश तुटतो.

आणि उतावळेपणा केवळ दुष्टांच्याच ठायी असतो असे नाही. १९७० च्या सुमारास डॉ. चं. वि. कुलकर्णी ह्या मराठी मत्स्यशास्त्रज्ञाने लोणावळ्यास महासीराची कृत्रिम पैदास साधली. टाटांच्या वीज कंपनीने वळवण तलावाकाठी उबवणी केंद्र चालविले. मुळा-मुठेचा खुद्री त्यामुळे वाचला, हा उपकार मोठा. परंतु त्याची पिल्ले दूरच्या कावेरीतही सोडली गेली. तेथे कुबडवाला, त्याच नदीचा असा दुसरा महासीर होता. २०१८ साली त्याची शास्त्रीय ओळख 'टॉर रेमादेवी' म्हणून पक्की झाली, तेव्हा तो नामशेष होण्याच्या काठावर येऊन ठेपला होता, आणि त्याच्या जागी आपला खुद्री नांदत होता. हेतू निर्मळ होता. मात्र ज्या पाण्यात पिल्ले सोडावयाची त्या पाण्यात आधी कोण राहतो हे पुरते पाहून घेतले गेले नाही.

मृगाचा पाऊस पडला की आमच्याकडे चढणीचे मासे निघतात. कोकणात त्यांनाच वलगणीचे मासे म्हणतात. अंड्यांनी भरलेल्या माद्या ओढ्यातून भातखाचरांकडे चढू लागतात आणि गाव टोपल्या, पंचे, काठ्या घेऊन धावतो. लहानपणी मीही धावलो आहे, त्या कालवणाची चवही विसरलेलो नाही, म्हणून दुसऱ्यांस उपदेश करण्याचा अधिकार मला नाही. एवढेच करतो की त्या दोन-तीन महिन्यांत काठी माळ्यावर ठेवतो.

गेल्या वर्षी आबांचा नातू ती काठी मागावयास आला. त्याला मी खळ्यात उभे केले, लोकरीचा पुंजका बांधून दिला आणि सूप ठेवले. पहिल्याच फेकीला 'फट्' आवाज झाला. मी काही बोलण्यापूर्वीच कुंपणावरून आबांचा आवाज आला, "मागं जाऊ दे की रं!"