गोड्या पाण्याचं लोखंड

खारा वास शोधू नका, तो इथे नाही. कोकणात वाढलेल्या नाकाची फसगत होते ती इथेच. क्षितिजापर्यंत पाणी, धक्क्यावर लाटा आपटताहेत, डोक्यावर कुरव पक्षी ओरडताहेत, आणि हवेत मीठ नाही. हे लेक सुपीरियर. महाराष्ट्राच्या चौथ्या हिश्शाहून मोठं, जिथे सर्वांत खोल तिथे ४०६ मीटर, आणि थेंब न् थेंब गोडा. तुम्ही त्याच्या पश्चिम टोकाला, मिनेसोटा राज्यातल्या डुलुथ बंदराच्या कालव्यावर उभे आहात. साल १९०५.

वर पाहा. उंच लोखंडी सांगाड्याला एक पाळणा टांगलाय आणि तो माणसं, घोडे, गाड्या घेऊन या काठावरून त्या काठावर सरकतोय. याला पूल म्हणतात. खऱ्या अर्थाने वर-खाली होणारा पूल व्हायला त्याला अजून पंचवीस वर्षं आहेत. पाळणा पलीकडे पोचेपर्यंत तलावाकडून एक बोट येते: गोल पाठीची, पाण्यात अर्धी बुडालेली, वर वळलेल्या नाकाडाची. अलेक्झांडर मॅकडूगल नावाच्या इथल्याच कप्तानाची ही कल्पना. लोक तिला डुक्करबोट म्हणतात आणि त्यात त्यांना काही वावगं वाटत नाही.

तिच्या धुराड्यातून काळा लोट निघतोय आणि वारा तो सरळ टेकडीवरच्या घरांकडे नेतोय. एरी तलावाच्या बंदरांतून कोळसा घेऊन यायचं, परत जाताना मेसाबी टेकड्यांतलं लोहखनिज न्यायचं, असा हा धंदा. बोटीच्या पोटातही कोळसा आणि भट्टीतही कोळसाच. तुम्ही रुमाल नाकाला लावता तेव्हा शेजारचा माणूस चमत्कारिक नजरेनं बघतो. काळा धूर म्हणजे बोटी चालू, बोटी चालू म्हणजे पगार चालू. ही समजूत काही मूर्खपणाची नव्हती. तिचं बिल मात्र छातीत जमा होत होतं, आणि ते कुणी मोजत नव्हतं.

इथे फार रेंगाळू नका. चोपन्न वर्षं पुढे या. तीच जागा, पण आता पूल उचलता आहे आणि भोंग्याला भोंग्यानं उत्तर देतो: कप्तानाचा सलाम तीन लांब, दोन आखूड. १९५९ हे या बंदराचं मोठं वर्ष. सेंट लॉरेन्स सीवे खुला झालाय आणि ३ मे रोजी ‘रॅमन द लॅरिनागा’ हे ब्रिटिश जहाज थेट समुद्रातून इथवर आलंय. धक्क्यावर ही गर्दी! मला मात्र तुम्हाला दुसरी बोट दाखवायची आहे, आणि यापुढे आपण तिच्याच मागावर राहणार आहोत.

तिचं नाव ‘शेनँगो टू’. यंदाच ओहायोतल्या टोलेडोच्या गोदीतून उतरलीय. ७१० फूट लांब. कालव्यातून जाताना आधी कप्तानाची केबिन येते, ती अगदी नाळेवर. मग झाकणांमागून झाकणं असलेला सपाट डेक, तो संपतच नाही. आणि सगळ्यात शेवटी यंत्रघर आणि धुराडं. त्यामुळे वासही शेवटी येतो. बोट अर्धीअधिक गेली, तुम्ही हात खाली केलात, की मग गंधकाची ती विझलेल्या काडीसारखी झणझण. आत वाफेचं टर्बाइन आहे. धडधड जवळजवळ नाहीच.

‘लॅरिनागा’ आणि ‘शेनँगो’ या दोन जहाजांच्या नशिबातला फरक आत्ताच ध्यानात ठेवा. समुद्रात फिरणारं मालवाहू जहाज साधारण पंचवीस-तीस वर्षांत म्हातारं होतं. खारं पाणी लोखंड खातं. मग ते मुंबईच्या दारूखान्यात किंवा अलंगच्या किनाऱ्यावर येऊन सुटं होतं. तलावाच्या गोड्या पाण्यात गंज इतक्या घाईनं चढत नाही. १९०६ साली बांधलेली ‘सेंट मेरीज चॅलेंजर’ २०१३ पर्यंत स्वतःच्या इंजिनावर माल वाहत होती! म्हणून समुद्रावर स्वच्छ धुराचा प्रश्न बऱ्याच अंशी नवीन जहाज बांधून सुटतो. इथे तसं नाही. जुनी बोट मरतच नाही, तेव्हा तिच्यातच काय ते करायचं.

१९७२. बंदराच्या पलीकडच्या बाजूला, विस्कॉन्सिनमधल्या सुपीरियर गावच्या फ्रेझर गोदीत या. आपली बोट कोरड्या गोदीत दोन तुकड्यांत पडलीय. नावही बदललंय, आता ती ‘चार्ल्स एम. बीगली’. मधोमध कापून तिच्यात ९६ फुटांचा नवा तुकडा बसवताहेत. ब्लाउज घट्ट झाला की शिंपी कुशीत पट्टी घालतो, तसं. वेल्डिंगच्या ठिणग्या उडताहेत आणि कुणालाच हे अचाट वाटत नाही. ती ८०६ फुटांची होऊन बाहेर पडेल.

तीन वर्षांनी, ९ नोव्हेंबर १९७५ ला, याच गावच्या खनिज धक्क्यावरून ‘एडमंड फिट्झजेराल्ड’ निघते. पोटात सुमारे २६ हजार टन खनिजाच्या गोळ्या, बोटीवर २९ माणसं. दुसऱ्या रात्री वादळात सगळी जातात. या तलावावर लिहिणारा प्रत्येक जण इथे थांबतो आणि गळा काढतो. आपण थांबायला नको. फक्त तिच्या मागून येणाऱ्या बोटीचं नाव लक्षात असू द्या: ‘आर्थर एम. अँडरसन’. उपसागराच्या आसऱ्याला पोचल्यावर शोधासाठी तीच पुन्हा त्या वादळात गेली.

मधली वर्षं भराभर जाऊ देत. १९८१ मध्ये आपल्या बोटीला स्वतःचा माल स्वतः उतरवणारा लांब हात बसतो. २००९ मध्ये वाफेचं टर्बाइन निघून दोन डिझेल इंजिनं येतात, आणि काठावरचे जुने बोटवेडे वाफेसाठी हळहळतात. मला त्यांची हळहळ समजते, पण ती काठावरची आहे. २०११ पासून तिच्यावर तिसरं नाव आहे: ‘ऑनरेबल जेम्स एल. ओबरस्टार’. याच खनिज पट्ट्यातून ३६ वर्षं संसदेत निवडून गेलेल्या माणसाचं.

आता २०१५. हंगाम सुरू झालाय. १ जानेवारीपासून उत्तर अमेरिकेच्या किनारपट्टीवर आणि या तलावांवर जहाजाच्या इंधनात गंधक ०.१ टक्क्याच्या वर चालत नाही. मालकांपुढे दोन वाटा: महाग, शुद्ध इंधन जाळायचं, किंवा स्वस्त जड तेलच जाळून धूर धुऊन सोडायचा. कॅनडाच्या अल्गोमा कंपनीची चीनमध्ये बांधलेली ‘अल्गोमा इक्विनॉक्स’ ही दुसरी वाट धरून २०१३ च्या अखेरीस इकडे आली. पण ती कोरी करकरीत. छप्पन्न वर्षांच्या बोटीत हे धूर धुण्याचं यंत्र, म्हणजे स्क्रबर, बसवायचं धाडस ओबरस्टारवर झालं, तलावांवरच्या अमेरिकी झेंड्याच्या बोटींत पहिल्यांदा.

चला, आत घेऊन जातो. कानाला मफलर गुंडाळा. इंजिनांच्या वर, धुराड्याच्या पोटात उभे मनोरे बसवलेत. खालून तापलेला धूर शिरतो, वरून पाण्याचे फवारे कोसळतात. धुरातला सल्फर डायऑक्साइड पाण्यात विरघळतो आणि पाणी आंबट होतं. समुद्रावर पुढची गोष्ट सोपी असते: खाऱ्या पाण्यात आम्ल मारण्याची मुळातच ताकद असते, म्हणून कित्येक जहाजं समुद्राचंच पाणी ओढतात, धूर धुतात आणि ते धुवण समुद्रात सोडून देतात. हवा स्वच्छ, कागद स्वच्छ. ही मला सरळसरळ पळवाट वाटते. घाण हवेतून उचलून पाण्यात टाकली, एवढंच.

सुपीरियरच्या पाण्यात ती ताकदच फार थोडी. भोवतालचा खडक कठीण, त्यात चुना कमी. याच कारणानं इथल्या आजूबाजूच्या छोट्या तळ्यांना आम्लाच्या पावसाची धास्ती होती आणि अमेरिका-कॅनडाला १९९१ मध्ये हवेबद्दल करार करावा लागला. तेव्हा बोटीला कॉस्टिक सोडा बरोबर बाळगावा लागतो. सोडा घातलेलं पाणी मनोऱ्यातून खाली येतं, पुन्हा वर जातं, पुन्हा खाली. त्यातलं थोडं काढून गाळतात, आणि उरलेला काळा गाळ टाकीत साठवून किनाऱ्यावर देतात. या तलावात शिरलेलं पाणी बाहेर पडायला सरासरी १९१ वर्षं लागतात. इथे टाकलेलं काहीही लवकर निघून जात नाही. ज्या गोडेपणानं बोटीचं लोखंड टिकवलं, त्याच गोडेपणामुळे तिला आपला कचरा स्वतःजवळ ठेवावा लागला.

बाहेर या, कालव्यावर. ओबरस्टार येतेय. केबिन गेली, झाकणं गेली, धुराडं समोर आलं. वर पांढराशुभ्र लोट! तुमच्या मागचा गृहस्थ बायकोला म्हणतो, “एवढा खर्च केला, आणि धूर तर वाढलाच.” त्याला दोष देऊ नका. काळ्याची सवय मोडली की पांढरं जास्त दिसतं. ती ओल्या धुराची वाफ आहे, थोड्या अंतरावर विरून जाते. वास घ्या. विझलेल्या काडीची झणझण आहे का? जवळजवळ नाहीच. कार्बन डायऑक्साइड मात्र होता तितकाच आहे, किंबहुना पंपांच्या विजेपुरता जास्तच. स्क्रबरनं गंधकाचा हिशेब मिटवला, तापमानाचा नाही, आणि तो मिटवतो असं कुणी विकत असेल तर खिसा सांभाळा.

त्याच हंगामात ‘आर्थर एम. अँडरसन’ही याच पाण्यावर दिसते. १९५२ ची, अजून वाफेवरच. तिच्यासारख्या जुन्या बॉयलरच्या बोटींना अमेरिकेच्या पर्यावरण खात्यानं गंधकाच्या नियमातून सूट दिलीय. ते बॉयलर बांधलेच जड तेलासाठी. नियम ओबरस्टारला लागू, अँडरसनला नाही. काठावरचे लोक अँडरसनच्या भोंग्यावर जीव टाकतात, आणि १९७५ आठवतं म्हणून मीही टाकतो. पण दोघींच्या मागे पाळीपाळीनं उभं राहून श्वास घेतलात, तर सूट म्हणजे काय ते नाकाला कळतं.

अजून एक उडी, २०२२. ‘मार्क डब्ल्यू. बार्कर’ येतेय, ६३९ फुटांची. १९८३ नंतर अमेरिकेनं या तलावांसाठी बांधलेली ही पहिली मालवाहू बोट. जवळपास चाळीस वर्षं अमेरिकेत कुणाला नवीन लागलीच नव्हती. कॅनडाच्या काही बोटी एव्हाना सोयाबीनच्या तेलापासून केलेलं डिझेल जाळून बघताहेत. बार्करच्या धुराड्यावर काही दिसत नाही म्हणून फोटो काढणारे जरा हिरमुसतात. फोनवरच्या नकाशात एक हजारफुटी बोट तासाभराच्या अंतरावर आहे. तोवर पुलापलीकडे कॉफी मिळते. रांग आत्ता लहान आहे.