मध्यपटल अंतर्गळ, जन्मजात : प्रसूतिपूर्व प्रतिमादर्शन

छाती व पोट यांना विभागणारे स्नायुमय मध्यपटल गर्भावस्थेत अपुरे राहिल्यामुळे त्यातील छिद्रातून जठर, आतडी, प्लीहा व पुष्कळदा यकृताचा भाग वक्षगुहेत शिरतो. या विकृतीस जन्मजात मध्यपटल अंतर्गळ म्हणतात. सुमारे अडीच ते तीन हजार जन्मांमागे एका अर्भकात ती आढळते व बहुधा डाव्या बाजूस असते. छिद्र शिवणे त्या मानाने सोपे; खरा धोका खुरटलेल्या फुप्फुसांचा व त्यांतील रक्तवाहिन्यांच्या अतिदाबाचा असतो.

प्राग येथील शारीरज्ञ बोखडालेक यांनी १८४८ मध्ये या छिद्राचे वर्णन केले. बॉस्टनचे रॉबर्ट ग्रॉस यांनी १९४६ मध्ये जन्मानंतर २४ तासांच्या आत एका अर्भकावर यशस्वी शस्त्रक्रिया केली. तोपर्यंत, व पुढेही बराच काळ, निदान जन्मानंतरच होई. ग्लासगो येथील इअन डॉनल्ड व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५८ मध्ये श्राव्यातीत ध्वनीने गर्भाची प्रतिमा मिळविल्याचे प्रसिद्ध केले आणि गर्भाशयातील विकृती पाहण्याचा मार्ग खुला झाला.

मात्र विकृती दिसणे व अर्भक जगेल की नाही हे सांगता येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सॅन फ्रान्सिस्को येथील वैद्यांनी १९९६ मध्ये विरुद्ध बाजूच्या फुप्फुसाचे क्षेत्रफळ व डोक्याचा घेर यांचे गुणोत्तर सुचविले. त्यांच्या मालिकेत ते ०·६ हून कमी असलेले एकही अर्भक वाचले नाही व १·३५ हून अधिक असलेली सर्व वाचली. परंतु १२ व्या ते ३२ व्या आठवड्यांत फुप्फुसाचे क्षेत्रफळ सुमारे १६ पट, तर डोक्याचा घेर केवळ चौपट वाढतो; त्यामुळे एकच आकडा निरनिराळ्या आठवड्यांत निरनिराळा अर्थ सांगे. म्हणून २००७ पासून प्रत्यक्ष गुणोत्तराची त्या आठवड्यातील अपेक्षित गुणोत्तराशी टक्केवारी काढण्याची पद्धत रूढ झाली. ती २५ टक्क्यांहून कमी असल्यास विकृती तीव्र मानतात. यकृत छातीत चढले आहे काय, हेही पाहतात. चुंबकीय अनुस्पंदनाने फुप्फुसाचे घनफळ मोजता येते.

या मापनांवरूनच गर्भाच्या श्वासनालात फुगा बसविण्याच्या उपचारासाठी गर्भ निवडले जातात. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय चाचणीत तीव्र विकृती असलेली ४० टक्के अर्भके या उपचाराने वाचली. एरव्ही हे प्रमाण १५ टक्के होते. अकाली प्रसूती मात्र वाढल्या. मध्यम विकृतीत निश्चित लाभ दिसला नाही.

महाराष्ट्रात या तंत्राचा इतिहास कायद्याशी जखडलेला आहे. त्याच उपकरणाने गर्भलिंग कळते, हे त्याचे दुर्दैव. लिंगनिदानास आळा घालणारा कायदा राज्याने देशात प्रथम, १९८८ मध्ये, केला. केंद्रीय कायदा १९९४ चा. गर्भपाताच्या १९७१ च्या कायद्यातील २० आठवड्यांची मर्यादाही अडचणीची होती, कारण गर्भाच्या रचनेची तपासणी बहुधा १८ ते २० आठवड्यांतच होते. डॉ. निखिल दातार व मुंबईतील एका दांपत्याने हृदयविकृती असलेल्या गर्भासंबंधी केलेला अर्ज मुंबई उच्च न्यायालयाने २००८ मध्ये फेटाळला. २०२१ च्या दुरुस्तीने ठराविक स्त्रियांसाठी मर्यादा २४ आठवडे झाली आणि वैद्यकीय मंडळाने गंभीर विकृती मान्य केल्यास ती लागू होत नाही. अशा निर्णयात आईबापांपुढे ठेवला जाणारा मुख्य पुरावा म्हणजे हीच मापने. ती घाईने घेतली तर चूक कोणाच्या पदरी पडते, हे उघड आहे.

१९४९ मध्ये निर्वासित सिंधी कुटुंबांच्या छावणीतून उभे राहिलेले उल्हासनगर आणि त्यापलीकडील अंबरनाथ व बदलापूर या नगरांच्या दृष्टीने निदानाचे मोल अंतरात मोजावे लागते. परळचे बाई जेरबाई वाडिया बालरुग्णालय (स्थापना १९२९) किंवा केईएम रुग्णालय येथून मध्य रेल्वेने सुमारे ५० ते ६० किमी. आहे. विकृती आधी कळल्यास प्रसूतीच अशा ठिकाणी ठरविता येते; आईच्या उदरातील प्रवास अर्भकाला नवजात अवस्थेतील प्रवासाहून सुरक्षित असतो. पूर्वकल्पना नसल्यास गुदमरलेल्या अर्भकाला नेहमीप्रमाणे तोंडावर मुखवटा लावून हवा दिली जाते. ती छातीतील जठर व आतड्यांत जाऊन फुप्फुसे आणखी दाबते. निदान ठाऊक असलेला वैद्य मुखवटा टाळून थेट श्वासनालात नळी घालतो व जठरातील हवा दुसऱ्या नळीने काढून घेतो.