पाचारण आणि परीक्षा : गोव्यातील सांता मोनिका मठाच्या निमित्ताने

मलकापूर-खामगाव मार्गावरील वडनेर भोलजी ह्या गावी एखाद्या मुलीने 'मला सिस्टर व्हावयाचे आहे' असे म्हटले, तर ऐकणाराच्या मनात प्रथम इस्पितळ उभे राहील, मठ नव्हे. बुलढाणा जिल्हा 1955 साली स्थापन झालेल्या अमरावती धर्मप्रांतात मोडत असला, तरी कॅथलिक धर्मभगिनी हा शब्द तेथील बोलीत फारसा रुजलेला नाही. ह्याउलट महानुभाव पंथातील 'तपस्विनी' वऱ्हाडात परकी नाही. गृहत्याग करणारी स्त्री तेथील समाजाला शतकानुशतके ठाऊक आहे. तिच्या गृहत्यागाचे कॅथलिक नाव मात्र त्याला नवे आहे.

मराठी कॅथलिक समाजात, विशेषतः वसईकडे, ह्या जीवनाच्या आरंभाला 'पाचारण' म्हणतात. कोकणीत 'आपवणें' म्हणतात. दोहोंचा अर्थ हाक मारून बोलावणे असाच आहे, आणि मूळ लॅटिन शब्दाचाही तोच आहे. 'संन्यास घेणे' ह्या प्रयोगात कर्तृत्व घेणाराकडे राहते. 'पाचारण' ह्यात ते बोलावणाराकडे जाते. हा भेद केवळ व्याकरणाचा नव्हे. हाक दुसऱ्याची असेल, तर ती नेमकी कोणाची हा प्रश्न ओघानेच येतो. ती ईश्वराची असेल. पण हुंड्याच्या विवंचनेत असलेल्या बापाची, थोर घराण्याच्या प्रतिष्ठेची किंवा नको असलेल्या विवाहाच्या भयाचीही असू शकेल.

युरोपात हा प्रश्न इतका तीव्र झाला होता की ट्रेंटच्या धर्मसभेला 1563 साली त्यावर स्पष्ट नियम करावे लागले. बारा वर्षांहून मोठी मुलगी मठाचा वेष घेऊ इच्छीत असेल, तर बिशपने किंवा त्याच्या प्रतिनिधीने तिची इच्छा तपासावी : तिच्यावर जबरदस्ती झाली आहे काय, तिला फूस लावली आहे काय, आपण काय करीत आहोत हे तिला कळते काय. शपथेपूर्वी हीच तपासणी पुन्हा व्हावयाची. शपथ सोळा वर्षे पूर्ण होण्यापूर्वी नाही, आणि किमान एक वर्षाच्या उमेदवारीवाचून नाही. मुलीला बळाने मठात ढकलणारा धर्मबहिष्कृत ठरे; पण न्याय्य कारणावाचून तिला अडविणाराही त्याच शिक्षेस पात्र होता. हा दुसरा अर्धा भाग सहसा विसरला जातो. गोव्याच्या इतिहासात नेमका तोच महत्त्वाचा आहे.

आर्चबिशप आलेइशु द मेनेझिश ह्यांनी 1606 साली जुन्या गोव्यात ऑगस्टिनियन भगिनींसाठी सांता मोनिकाचा मठ स्थापला. पूर्वेकडील पोर्तुगीज सत्तेखालचा स्त्रियांचा हा पहिला मठ. त्याच्या आरंभीच्या प्रमुखांत फिलिपा दा त्रिंदाद आणि मारिया दु इश्पिरितु सांतु ह्या मायलेकी होत्या. मठाची विशाल वास्तू 1627 साली पूर्ण झाली. परंतु नगरपरिषदेची त्यावर नाराजी होती. विवाहयोग्य मुली मठात जातात, त्यांच्याबरोबर येणारे हुंड्याचे द्रव्यही भिंतीआड जाते, आणि वसाहतीला गृहिणी हव्या आहेत, असा तिचा आक्षेप होता. भगिनींची संख्या शंभरावर मर्यादित करण्यात आली. एका बाजूला मठ, दुसऱ्या बाजूला बाजारपेठेची नगरी, आणि मध्ये मुलगी, अशी ही रचना होती. मुलीचा स्वतःचा आवाज ह्या वादात फार क्षीण ऐकू येतो. मठाचा जो इतिहास फ्रे आगुश्तिन्यु द सांता मारिया ह्यांनी लिहून 1699 साली लिस्बनला छापला, तोही पुण्यशील भगिनींच्या गौरवार्थ रचलेला, म्हणून शंकांच्या नोंदीसाठी तो बेताने वाचावा लागतो.

आणखी एक चाळणी होती, ती ट्रेंटच्या नियमांत नव्हती. पूर्ण अधिकाराचा काळा पडदा पोर्तुगीज कुळांतील स्त्रियांसाठी राखलेला असे. देशी स्त्रियांना प्रवेश मिळालाच, तर पांढऱ्या पडद्याच्या दुय्यम श्रेणीत मिळे. हाक कोणाची हे तपासणाऱ्या संस्थेने ती कोणाच्या घरी आली हेही तपासले, असे म्हणणे कटू असले तरी अयथार्थ नाही.

ह्या संदर्भात तेराव्या शतकातील महदंबेचे स्मरण अप्रस्तुत ठरू नये. तरुणपणी वैधव्य आलेली ही स्त्री आधी दादोसांची शिष्या होती. पुढे ती चक्रधरांकडे आली. लीळाचरित्रात ती सतत प्रश्न विचारताना दिसते, आणि तिचे प्रश्न नोंदले गेले. मोनिकेच्या भगिनींच्या वाट्याला ते भाग्य आले नाही.

पोर्तुगालमध्ये 1834 साली धर्मसंघ बरखास्त झाले आणि गोव्यात मठाला नव्या उमेदवार घेण्याची मुभा उरली नाही. उरलेल्या भगिनी तेथेच वृद्ध झाल्या, आणि एकोणिसाव्या शतकातच मठ रिकामा झाला. हाक येणे थांबले नव्हते. दार मात्र बंद झाले होते.

आज चर्चचा 1983 चा कायदा ह्या बाबतीत अधिक सावध आहे. उमेदवारी सतरा वर्षांपूर्वी नाही व बारा महिन्यांहून कमी नाही. पहिली शपथ अठराव्या वर्षापूर्वी नाही आणि तीही तात्पुरती. आजन्म शपथ एकवीस वर्षांपूर्वी नाही. तात्पुरत्या शपथेची किमान तीन वर्षे मधे असतात, आणि त्या मुदतीअखेर मुलगी कसलाही दोष न लागता घरी परतू शकते. शंका हे अपयशाचे लक्षण न मानता परीक्षेचाच भाग मानणे, हा ट्रेंटपासूनच्या चार शतकांतील बदल होय. सांता मोनिकाच्या त्याच वास्तूत 1964 पासून मातेर देई ही संस्था आहे; तेथे भगिनी धर्मशास्त्राचे शिक्षण घेतात, आणि त्यांच्यात पांढऱ्या व काळ्या पडद्यांची श्रेणी नाही.