पैनगंगाकाठचा रक्तविलयी पांडुरोग

चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात पांडुरोगाच्या अध्यायातच कामलेचे, म्हणजे काविळीचे, वर्णन आले आहे. शरीर फिकट पडणे आणि डोळे पिवळे होणे ह्या दोन लक्षणांचा संबंध प्राचीन वैद्यांना जाणवला होता, असे त्यावरून म्हणता येते. आधुनिक वैद्यकाने ह्या संबंधाचे एक कारण दाखवून दिले. रक्त पुरेसे निर्माण न झाल्यास माणूस नुसता फिकट पडतो. परंतु निर्माण झालेले रक्त अकाली नष्ट होऊ लागले, तर फिकटपणाबरोबर पिवळेपणाही येतो. ह्या दुसऱ्या प्रकारास रक्तविलयी पांडुरोग म्हणतात. नांदेड जिल्ह्याच्या उत्तरेकडील डोंगराळ भागात त्याचे एक आनुवंशिक रूप आढळते. ते दीर्घकाळ अलक्षित का राहिले, हा वैद्यकाइतकाच इतिहासाचाही प्रश्न आहे.

निरोगी माणसाची तांबडी रक्तकोशिका सुमारे १२० दिवस जगते. जीर्ण कोशिका प्लीहा व यकृत येथील भक्षककोशिका गिळून टाकतात. तिच्यातील लोह पुन्हा उपयोगात आणले जाते आणि उरलेल्या रंगद्रव्यापासून बिलिरुबिन तयार होते. कोशिकांचे आयुष्य घटले की अस्थिमज्जा आपले उत्पादन सहा ते आठ पटींपर्यंत वाढविते. तेवढ्यानेही नाश भरून निघेनासा झाला म्हणजे रोग प्रकट होतो. नाशाची कारणे कोशिकेच्या बाहेर असू शकतात : विजोड रक्त दिले जाणे, शरीराने स्वतःच्याच कोशिकांविरुद्ध प्रतिपिंडे निर्माण करणे, हिवतापाचे जंतू. ती कोशिकेच्या आतही असू शकतात. तिचे आवरण सदोष असते, किंवा एखादे विकर उणे असते, किंवा हीमोग्लोबिनच बिघडलेले असते. सिकलसेल हा ह्या शेवटच्या प्रकारचा रोग होय. त्यात हीमोग्लोबिनच्या बीटा शृंखलेतील १४६ घटकांपैकी केवळ सहावा घटक बदललेला असतो. ग्लुटामिक अम्लाच्या जागी व्हॅलिन येते. प्राणवायू सुटला की असे हीमोग्लोबिन लांब तंतूंच्या रूपाने गोठते, कोशिका विळ्यासारखी वाकते, ताठर होते आणि दहा-वीस दिवसांत नष्ट होते. वाकलेल्या कोशिका बारीक रक्तवाहिन्या तुंबवितात. हाडांतील असह्य वेदना त्यामुळेच उद्भवतात.

नांदेड आणि लातूर हे शेजारचे जिल्हे. पण ह्या रोगाच्या दृष्टीने त्यांची भूमी सारखी नाही. लातूर हा बालाघाटच्या पठारावरील, कोरड्या हवेचा, विरळ वनांचा प्रदेश आहे. तेथे फिकट चेहऱ्याचा रुग्ण आला, तर वैद्याने प्रथम लोहाच्या उणिवेचा विचार करावा हे योग्यच. किनवट-माहूरचा प्रदेश मात्र पैनगंगेच्या वळणातील वनप्रदेश असून आंध, गोंड, कोलाम, परधान ह्या जमातींची तेथे जुनी वस्ती आहे. मराठवाडा म्हणून ज्याचा एकत्र उल्लेख होतो त्याचा हा भाग किती निराळा आहे, हे सपाटीवरील अभ्यासकांच्या ध्यानात क्वचितच राहते.

त्याला प्रशासनाचा इतिहासही कारणीभूत आहे. १८५३ साली वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे गेला, आणि पैनगंगा ही दोन राजवटींची सीमा बनली. पलीकडील यवतमाळ पुढे मध्यप्रांताशी जोडले जाऊन नागपूरच्या कक्षेत आले. अलीकडील किनवट निजामाच्या राज्यात, आदिलाबाद जिल्ह्यात, राहिले. दोन्ही तीरांवर जमाती त्याच होत्या, कागदपत्रे मात्र दोन ठिकाणी साठत गेली. फ्यूरर-हायमेनडॉर्फ ह्यांनी आदिलाबादच्या राजगोंडांवर लिहिलेला ग्रंथ १९४८ साली प्रसिद्ध झाला. तो कुळे, देवके व जमिनीचे प्रश्न ह्यांविषयी मोलाचा आहे. परंतु रक्ताची तपासणी हा त्याचा विषय नव्हे. किनवट तालुका नांदेडला जोडला गेला तो १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत. लातूर तेव्हा उस्मानाबाद (आजचे धाराशिव) जिल्ह्यातील एक गाव होते. स्वतंत्र जिल्हा झाला तो १९८२ साली.

दुसरे आणि अधिक खोल कारण म्हणजे हिवताप. रोनाल्ड रॉस ह्यांनी २० ऑगस्ट १८९७ रोजी डासाच्या जठरात हिवतापाचा जंतू पाहिला तो सिकंदराबादेस, म्हणजे ह्याच निजामी मुलखात. हिवताप तांबड्या कोशिका फोडतो, माणसास फिकट व पिवळा करतो आणि पाणथरी वाढवितो. सिकलसेलही हेच करतो. आफ्रिकी रुग्णांत प्लीहा बालपणीच आक्रसून जाते. भारतीय रुग्णांत मात्र ती पुष्कळदा मोठेपणीही वाढलेली राहते. ज्या मुलखात घरोघर ताप आहे तेथे पाणथरी वाढलेल्या मुलाविषयी निराळी शंका कोणास येणार? एका रोगाने दुसऱ्यास झाकून टाकले.

विशेष म्हणजे झाकणारा रोगच झाकलेल्याच्या टिकून राहण्यास कारण झाला होता. शिकागोच्या हेरिक ह्यांनी १९१० साली विळ्याच्या आकाराच्या कोशिकांचे वर्णन केले, तेव्हापासून पुष्कळ वर्षे हा आफ्रिकी वंशाचा रोग समजला जाई. १९५२ साली लेहमान व कटबुश ह्यांना निलगिरीतील आदिवासींत, आणि त्याच वर्षी डनलॉप व मजुमदार ह्यांना आसामातील चहामळ्यांच्या मजुरांत तो आढळला. लेहमान ह्यांनी त्यावरून ‘वेद्दोइड’ वंश व पूर्व आफ्रिका ह्यांच्या प्राचीन संबंधाची कल्पना मांडली. ही कल्पना आकर्षक होती. परंतु गुणसूत्रावरील एका खुणेवरून वंशावळ रचणे हा उतावीळपणाच होता. १९५४ साली ॲलिसन ह्यांनी दाखवून दिले की, हा दोष एकाच पालकाकडून मिळालेल्या बालकास घातक हिवतापापासून संरक्षण लाभते. म्हणजे जेथे तो हिवताप होता तेथे ही जनुके टिकली; वंशाचा प्रश्न गौण ठरला. १९८६ साली कुलोझिक व सहकाऱ्यांनी ह्या जनुकाच्या परिसराची तपासणी करून आशियात त्याचा स्वतंत्र उगम झाल्याचे मत मांडले. अलीकडे, २०१८ साली, सर्वत्र एकच उगम असल्याचा पक्ष पुन्हा पुढे आला आहे. वाद मिटलेला नाही.

मध्य भारतातील आढळ १९५८ साली नागपूरहून शुक्ल व सोळंकी ह्यांनी प्रसिद्ध केला. विदर्भात पुढे तो केवळ आदिवासींपुरता नसून पूर्वाश्रमीच्या महार समाजातही असल्याचे स्पष्ट झाले. म्हणून ‘आदिवासींचा रोग’ हे नाव शास्त्रदृष्ट्या चुकीचे आणि व्यवहारात घातक आहे. जनुक जात ओळखत नाही. जातीअंतर्गत विवाह त्यास एका वर्तुळात फिरते ठेवतात, इतकेच. १९५३ साली हिवताप नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. पुढे हिवताप बराच ओसरला. जनुकाचे संरक्षक मूल्य घटले, जनुक मात्र राहिले.

निदानातील चुकीची किंमत रुग्णास भोगावी लागते. रक्तविलयनात लोह बहुतांशी शरीरातच राहते. म्हणून लोहाच्या गोळ्यांनी हा पांडुरोग बरा होत नाही, आणि वारंवार रक्त द्यावे लागलेल्या रुग्णास तर लोहाचा भारच होतो. त्यास फॉलिक अम्ल हवे, अनेकांस हायड्रॉक्सियुरिया हवे. भारतीय-अरबी प्रकारात गर्भावस्थेतील हीमोग्लोबिन अधिक असल्याने रोग सौम्य असतो, असे सांगितले जाते; नागपूरकडील रुग्णांचा अनुभव मात्र त्याला सर्वस्वी दुजोरा देत नाही.

नांदेडचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९८८ साली व लातूरचे २००२ साली निघाले. १ जुलै २०२३ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेत चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी योजिली आहे. गावात करावयाची विद्राव्यतेची चाचणी दोष आहे एवढेच सांगते. मनुष्य केवळ वाहक आहे की रुग्ण, हे विद्युत्संचारणासारख्या पुढील तपासणीवाचून ठरत नाही. वाहक सामान्यतः निरोगी आयुष्य जगतो. दोन वाहकांच्या विवाहात मात्र प्रत्येक अपत्यास रोग होण्याची शक्यता चारांत एक असते.