जामीन राहणारी माणसे



‘जामीन’ या शब्दाचे वजन यवतमाळ जिल्ह्यातील श्रोत्यांना समजावून सांगण्याचे कारण नाही. सावकाराचे खत असो वा सोसायटीचे कर्ज, दुसऱ्याच्या कागदावर सही करणारा मनुष्य आपली पत पणाला लावीत असतो. आज मी सांगणार आहे तो इतिहास अशाच जामिनकीचा आहे. मात्र येथे प्रश्न कर्जाचा नव्हता, माणसांच्या प्राणांचा होता.

१९३३ साली हिटलर जर्मनीत सत्तेवर आला आणि ज्यू प्राध्यापक, वकील, डॉक्टर पदांवरून दूर केले जाऊ लागले. १९३४ मध्ये मुंबईतील ज्यूंनी निर्वासितांसाठी ‘ज्यूइश रिलीफ असोसिएशन’ ही संस्था काढली. जुलै १९३८ मध्ये फ्रान्समधील एव्हियाँ येथे ३२ राष्ट्रांचे प्रतिनिधी जमले. बहुतेकांनी सहानुभूती व्यक्त केली आणि दारे लावून घेतली. त्याच वर्षी ९ नोव्हेंबरच्या रात्री जर्मनीभर सिनेगॉग पेटली.

हिंदुस्थानच्या ब्रिटिश सरकारची अट अशी, की येणाऱ्याला काम मिळेपर्यंत त्याच्या निर्वाहाची हमी कोणीतरी घेतली पाहिजे. ती हमी या संस्थेने घेतली. या वाटेने व इतर मार्गांनी सुमारे हजारभर निर्वासित या देशात आले.

हमी घेणारे तरी कोण होते? मुंबईच्या बगदादी ज्यूंचे अग्रणी डेव्हिड ससून हे स्वतःच बगदादच्या सुभेदाराच्या जाचाला कंटाळून १८३२ च्या सुमारास मुंबईस आले होते. त्यांनी मागाहून येणाऱ्या आपल्या बांधवांना काम दिले, शाळा दिल्या. आणि पुण्याचे ससून रुग्णालय तर सर्व जातिधर्मांच्या रुग्णांना खुले झाले. दुसरीकडे कोकणातले, घाण्याचे तेल गाळणारे आणि मराठी बोलणारे आपले बेने इस्राएल. या दोन समाजांत अंतर होते, कटुताही होती. तथापि हिटलरच्या लेखी ते सारे एकच होते.

हे चित्र सर्वस्वी उजळ होते असे मात्र समजू नका. परके डॉक्टर आले तर आपला धंदा बुडेल, अशी ओरड येथील काही वैद्यकीय व्यावसायिकांनी केली. अशा तज्ज्ञांना देशात काम द्यावे, असा आग्रह पंडित नेहरूंनी धरला. पुढे सप्टेंबर १९३९ मध्ये युद्ध पेटताच सरकारने ‘शत्रुराष्ट्राचे नागरिक’ म्हणून अनेक निर्वासितांना अहमदनगरच्या छावणीत डांबले. हिटलरपासून पळालेल्यांना हिटलरच्या समर्थकांशेजारी बसविणारी ही सरकारी बुद्धी! त्यांच्या सुटकेसाठी पुन्हा हीच संस्था खटपटीला लागली आणि चौकशीअंती पुष्कळांची मुक्तता झाली.

या आलेल्यांनी काय दिले? १९३४ साली मुंबईत आलेले संगीतकार वॉल्टर कॉफमन यांचेच नाव घ्या. पहाटे रेडिओ लावला की कार्यक्रमांआधी ऐकू येणारी आकाशवाणीची ती परिचित धून त्यांचीच मानली जाते. कित्येक पिढ्या त्या सुरांवर जाग्या झाल्या. ते एका निर्वासिताचे देणे आहे, हे किती जणांना ठाऊक होते?

मित्रहो, ज्यांना कोणी जामीन मिळाला नाही, त्यांपैकी असंख्य माणसे छळछावण्यांत नाहीशी झाली. वाचलेल्यांत आणि त्यांच्यात पुष्कळदा अंतर होते ते एका सहीचेच. इतिहास मोठ्या लढायांनी घडतो, असे आपण मानतो. तो अनोळखी माणसाच्या कागदावर केलेल्या सहीनेही घडतो. उद्या असा कागद घेऊन कोणी आपल्या ओट्यावर येऊन उभा राहिला, तर लेखणी उचलण्यापूर्वी आपण त्याची जात विचारणार, की त्याची गरज?