सग्वारोचे नाव कोणाचे? एका वाळवंटी निवडुंगाच्या नामकरणाचा इतिहास #थ्रेड

१/ अमेरिकेतील ॲरिझोना आणि मेक्सिकोतील सोनोरा या प्रांतांच्या वाळवंटात हात उंचावलेल्या माणसासारखा दिसणारा एक महाकाय निवडुंग वाढतो. त्याला सग्वारो म्हणतात. शास्त्रीय नाव मात्र ‘कार्नेगिया जायगँटिया’. पोलाद उद्योगपती अँड्र्यू कार्नेगी यांचे नाव या वनस्पतीला कसे लाभले?

२/ मुळात ‘कॅक्टस’ हा शब्दच उसना. ग्रीक ग्रंथकार थिओफ्रास्टस याने ‘काक्टोस’ म्हटले ते सिसिलीतील एका काटेरी झुडपाला. खरे निवडुंग जवळजवळ सर्वच अमेरिका खंडांतले. ते त्याने पाहणे शक्यच नव्हते. आपणही पांढऱ्या चिकाच्या युफोर्बियाला आणि अमेरिकेतून आलेल्या फड्याला एकाच ‘निवडुंग’ नावाने ओळखतो. शास्त्राच्या दृष्टीने त्यांची कुळे निराळी आहेत.

३/ १७५३ मध्ये लिनिअसने ‘स्पीशीज प्लँटारम’ या ग्रंथात २२ जाती ‘कॅक्टस’ या एकाच प्रजातीत बसवल्या. पुढच्याच वर्षी फिलिप मिलरने ओपन्शिया, सेरियस, पेरेस्किया अशी फोड केली. प्रजाती किती मानाव्यात, हा वाद तेव्हापासून चालू आहे.

४/ वादाचे एक कारण अगदी व्यावहारिक. वनस्पतिशास्त्र वाळवलेल्या नमुन्यांवर उभे राहिले. निवडुंगाचे मांसल खोड दाबले तर आकार जातो, तसेच ठेवले तर कुजते. सग्वारोचे फूल रात्री उमलते आणि दुसऱ्या दिवशी मिटते.

५/ १८४६ साली, मेक्सिकोशी युद्ध चालू असताना, अमेरिकी सैन्याची एक तुकडी हिला नदीच्या काठाने कॅलिफोर्नियाकडे निघाली. तिच्यासोबत विल्यम एमरी हा नकाशे काढणारा लष्करी अधिकारी होता. त्याने वाटेतील वनस्पतींची नोंद ठेवली.

६/ सेंट लुईस येथील जर्मन वंशाचे डॉक्टर जॉर्ज एंगेलमान यांनी एमरीने दिलेले चित्र व माहिती यांच्या आधारे १८४८ मध्ये या वनस्पतीला नाव दिले : ‘सेरियस जायगँटियस’. म्हणजे विज्ञानातील पहिली नोंद एका लष्करी मोहिमेच्या अहवालातून आली.

७/ १९०८ मध्ये नॅथनिएल ब्रिटन आणि जोसेफ रोझ यांनी सग्वारोसाठी स्वतंत्र प्रजाती निर्माण केली : कार्नेगिया. ही देणगीची परतफेड होती का? येथे कालक्रम पाहावा. कार्नेगी संस्थेची वाळवंट प्रयोगशाळा टूसॉन येथे १९०३ मध्ये स्थापन झाली होती. परंतु याच दोघांचा ‘द कॅक्टेसी’ हा चार खंडांचा ग्रंथ त्या संस्थेने प्रकाशित केला तो १९१९ ते १९२३ या काळात, नामकरणानंतर.

८/ या सर्वांच्या कितीतरी आधीपासून तोहोनो ओओधाम लोक या निवडुंगाला ‘हाशञ्’ म्हणत आले आहेत. उन्हाळ्यात लांब काठ्यांनी त्याची फळे काढायची, पाक करायचा आणि त्याच्या मद्याने पावसाला आवाहन करायचे, ही त्यांची परंपरा. त्यांचे वर्षही या हंगामाशी जोडलेले आहे.

९/ मग हे नाव जुने असूनही ग्राह्य का नाही? कारण नियमानुसार वनस्पतींच्या नावांचा अग्रक्रम १७५३ पासून, आणि तोही रीतसर प्रकाशित लॅटिन नावांनाच. त्याआधीचे किंवा केवळ मुखी असलेले नाव या हिशेबात येतच नाही. नियमामुळे गोंधळ टळला, हे खरे. पण ‘प्रथम’ कोण, हेही त्यानेच ठरवले.

१०/ आजही पूर्ण नाव लिहिताना एंगेलमान कंसात आणि ब्रिटन-रोझ कंसाबाहेर असतात. ओओधाम कोठेच नसतात.

आपल्या भागात फड्या निवडुंगाला काय म्हणतात? अवश्य लिहा.