सेवेची उमेदवारी

सोनाराच्या दुकानीं बसविलेल्या मुलाला पहिल्याच दिवशीं कोणी सोनें हातीं देत नाहीं. आधीं भाता ओढावा, मग तांब्या-पितळेवर हात बसवावा. सोन्याची पाळी फार उशिरां येते. वकिलाला आणि वैद्यालाहि हें चुकत नाहीं. मग लोकसेवा तेवढी उमेदवारीवांचून कशी साधावी? हा प्रश्न ज्यांनीं गांभीर्यानें मनावर घेतला, ते नामदार गोपाळ कृष्ण गोखले रत्नागिरी जिल्ह्याचेच.

गुहागर तालुक्यांतील कोतळूक गांवीं ९ मे १८६६ रोजीं त्यांचा जन्म झाला. डेक्कन एज्युकेशन सोसायटींत सुमारें वीस वर्षें अध्यापन करून ते बाहेर पडले, आणि १२ जून १९०५ रोजीं पुण्यास त्यांनीं भारत सेवक समाज स्थापन केला. त्याच्या नियमांपैकीं लोकांचें लक्ष सात प्रतिज्ञांकडे जातें. मला अधिक मोलाचा वाटतो तो पांच वर्षांच्या उमेदवारीचा नियम. तरुण पदवीधर असो, फर्डें इंग्रजी बोलणारा असो. त्यानें तीन वर्षें समाजाच्या घरीं राहून अभ्यास करावा, दोन वर्षें देश हिंडून पाहावा, आणि मगच स्वतःला सेवक म्हणवावें. १९१५ च्या जानेवारींत गांधीजी आफ्रिकेहून परतले, तेव्हां ते पंचेचाळीस वर्षांचे होते, सत्याग्रहाच्या आगींतून तावून सुलाखून निघालेले होते. त्यांनाहि गोखल्यांनीं सवलत दिली नाहीं. एक वर्ष देश पाहा, तोंवर जाहीर मतें देऊं नका, असें त्यांनीं बजावलें. पुढच्याच महिन्यांत, १९ फेब्रुवारीस, गोखले निवर्तले. गांधीजींनीं तें वर्ष मात्र पाळलें.

स्वातंत्र्यानंतर हीच गोष्ट विद्यापीठांच्या दारीं आली. महाडजवळच्या नाते गांवीं जन्मलेले चिंतामणराव देशमुख यांच्या अध्यक्षतेखालीं १९५९ सालीं एक समिति नेमली गेली. विद्यापीठांत पाऊल टाकण्यापूर्वीं विद्यार्थ्यानें नऊ महिने ते एक वर्ष राष्ट्रसेवा केलीच पाहिजे, अशी तिची शिफारस होती. खर्चाचा आणि व्यवस्थेचा डोंगर पाहून ती सक्ति मागें पडली. शेवटीं गांधी-शताब्दीच्या वर्षीं, २४ सप्टेंबर १९६९ रोजीं, ३७ विद्यापीठांत राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली. तिच्यांत वर्षाला १२० तास, अशीं दोन वर्षें, आणि शिवाय सात दिवसांचें शिबिर. पांच वर्षांचा हिशेब असा तासांवर आला! शिबिरांत बांधलेले बंधारे खोटे नव्हेत. पण सात दिवसांत गांव मुलांना पाहुणे म्हणूनच ओळखतें, आणि पाहुण्यापुढें कोणी आपल्या घरची अडचण मांडीत नाहीं.

गोखल्यांच्या कल्पनेला याहून जवळची गोष्ट दापोलीस आढळते. तेथलें कोंकण कृषि विद्यापीठ १८ मे १९७२ रोजीं स्थापन झालें. आज त्याला डॉ. बाळासाहेब सावंतांचें नांव आहे. रंधावा समितीनें १९९२ सालीं ग्रामीण कार्यानुभवाचा पुरस्कार केला, आणि त्या धोरणानुसार कृषि पदवीच्या अखेरच्या वर्षीं विद्यार्थी खेड्यांत जातात. त्यांना कृषिदूत म्हणतात, मुलींना कृषिकन्या. प्रत्येकाला एक यजमान शेतकरी असतो. त्याची जमीन, गुरें, पिकें, जमाखर्च वहींत उतरावयाचा, गांवाचा नकाशा काढावयाचा, आणि मग प्रात्यक्षिकें करून दाखवावयाचीं. भाताचें बियाणें मिठाच्या पाण्यांत टाकून तरंगणारें पोल दाणे काढून टाकावे. चारसूत्रीनें लावणी करून चार चुडांच्या मधोमध खताची गोळी खुपसावी.

दूत म्हणजे निरोप नेणारा. पण निरोप कोणाचा, आणि कोणाकडे? येथें भाजावळीचें उदाहरण घेण्यासारखें आहे. पेरणीपूर्वीं तरव्याच्या जागेवर शेण, कवळ, पालापाचोळा पसरून जाळणें ही कोंकणची जुनी रीत. उत्तरेकडे तिलाच राब म्हणतात. एकोणिसाव्या शतकांत सरकारी जंगल खात्याला ती निव्वळ झाडांची नासाडी वाटली. रयतेच्या तक्रारी इतक्या वाढल्या, कीं १८८५ सालीं ठाणें व कुलाबा जिल्ह्यांच्या जंगलांसाठीं कमिशन बसवावें लागलें. शेतकऱ्याचें म्हणणें साधें होतें. भाजलेल्या जमिनींत तण कमी उगवतें आणि रोप जोमदार येतें. तें चूक नव्हतें. आज कृषिदूत भाजावळ सोडा, गादीवाफा करा, शेणखत कुजवून घाला, असें सांगत येतो. तेंहि चूक नाहीं. जाळलेलें शेण खत म्हणून जमिनीला कसें मिळावें? परंतु घरचा मुलगा मुंबईस, गडी मिळत नाहीं, मग बेणणी कोण करणार, असें यजमानीणबाईंनीं विचारलें म्हणजे पुस्तक गप्प बसतें. त्या वेळीं जो विद्यार्थी वही मिटून तिच्याबरोबर वाफ्यांत उतरतो, त्याची उमेदवारी सुरू झाली असें मी समजतों.

एका गोष्टीची मात्र चिंता वाटते. हें सत्र बहुधा पावसाळ्यांत येतें, त्यामुळें विद्यार्थ्याला तरवा, लावणी, क्वचित् कापणीहि पाहावयास मिळते. रत्नागिरीच्या कितीतरी घरांतला रोख पैसा येतो तो हापूसच्या कलमांतून. मोहोर, तुडतुडे, भुरी, अवेळीं पडणारा पाऊस, फवारणीचा खर्च, दलालाची पट्टी, हा सगळा प्रपंच नोव्हेंबरापासून मे महिन्यापर्यंत चालतो. वही लिहून पुरी होते, विद्यार्थी दापोलीस परततो, तेव्हां यंदा कलमावर पालवी येणार कीं मोहोर, हें खुद्द बागाइतदारालाहि कळलेलें नसतें.